वृद्धांची विस्मृति आणि संगीत

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें घरीं ऐकलेली असेल. आजोबांनीं चष्मा कपाळावर सारून तोच चष्मा घरभर शोधिला, कीं कोणी तरी ही म्हण हंसत उच्चारतो आणि आजोबाहि हंसतात. या हंसण्यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु कांहीं घरांत अशी वेळ येते कीं हें हंसणें थांबतें. आजी आपल्या पोटच्या मुलास ओळखीत नाहीं. जेवून उठून घटकाभर झाला नाहीं तोंच “मला कोणी जेवूं घातलें नाहीं” म्हणून ती रडूं लागते. दिवस मावळतीला आला, कीं दाराची कडी काढून “मला माझ्या घरीं जाऊं द्या” असा धोशा लावते, आणि ज्या घरांत तिनें पन्नास वर्षें संसार केला त्याच घरास परकें म्हणते. शेजारी म्हणतात, म्हातारीला चळ लागला. कोणी म्हणतात, बाहेरचें कांहीं तरी झालें. घरचीं माणसें प्रथम समजूत घालतात, मग रागावतात, आणि शेवटीं थकून दाराला बाहेरून कडी लावितात. हा लेख आम्ही लिहीत आहों तो या बाहेरच्या कडीकरितां. ती लावण्याची वेळ थोडी कमी यावी असा एक साधा, बिनखर्चाचा उपाय आमच्या नांदेड-लातूरच्या घराघरांत आधींपासूनच आहे. तो म्हणजे गाणें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. किल्ली कोठें ठेविली हें विसरणें हा वयाचा धर्म होय. किल्ली हातांत असतां ती कशाकरितां असते हेंच न कळणें हा रोग होय. वैद्यकांत ज्यास डिमेन्शिया म्हणतात त्याला मराठींत स्मृतिभ्रंश हें नांव रूढ झालें आहे. हा शब्द भगवद्गीतेंतहि येतो. पण तेथें तो क्रोधापासून विवेक सुटत जाणाऱ्या मनाविषयीं आहे, आणि येथें तो मेंदूच्या पेशी झिजत जाऊन होणाऱ्या दुखण्याविषयीं आहे. येथें रोग्याचा कोणताहि अपराध नसतो.

या दुखण्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अल्झायमर या नांवानें ओळखिला जातो. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०१ सालीं फ्रांकफुर्ट शहरांतील रुग्णालयांत ५१ वर्षांच्या एका बाईस तपासिलें. तिला आपलें नांवसुद्धां पुरतें लिहितां येईना. ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून त्यांनीं १९०६ सालीं आपला निष्कर्ष विद्वानांपुढें मांडिला. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानें होणारा दुसराहि एक प्रकार आहे. रक्तदाब, मधुमेह व पक्षाघात यांच्या मागोमाग तो येऊं शकतो. आपल्या देशांत हें दुखणें विरळ आहे असें कोणी समजूं नये. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारें सात माणसांस स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांची एकूण संख्या सुमारें ८८ लाख भरते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें. म्हणजे हा प्रश्न मुंबई-पुण्याचा जितका आहे तितकाच मुखेड, अहमदपूर आणि निलंगा या तालुक्यांचाहि आहे.

रोग्याची विस्मृति घरच्यांस जितकी जाचत नाहीं तितकें त्याचें वागणें जाचतें. तोच प्रश्न वीस वेळां विचारणें, येरझारा घालणें, रात्रीं जागणें, ओरडणें, आंघोळ घालणाराच्या अंगावर धांवून जाणें, सुनेनें पाटल्या चोरल्या असा संशय घेणें, किंवा याच्या उलट भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस गप्प बसणें, अशीं हीं लक्षणें असतात. घरच्यांस वाटतें, हा हट्ट आहे. परंतु हा हट्ट नव्हे. तान्हें मूल रडतें तेव्हां आपण त्यास खोडकर म्हणत नाहीं. त्याला भूक लागली असेल, मुंगी चावली असेल, असें म्हणून शोध घेतों. ज्याचे शब्द हरपले त्याचें वागणें हीच त्याची भाषा होय. “मला घरीं जाऊं द्या” असें म्हणणारी आजी बहुधा विटामातीचें घर मागत नसते. जेथें आपल्याला सर्व ओळखीचें होतें आणि भय नव्हतें अशी जागा ती मागत असते. त्या जागेचा पत्ता तिला आठवत नाहीं, पण तिची ओढ मात्र उरलेली असते.

म्हणून गाण्याकडे वळण्यापूर्वीं दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली ही, कीं वागणुकींत एकाएकीं बिघाड झाला तर शरीराकडे पाहावें. दांत दुखणें, लघवींतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, तहान, कानांतील मळ, नव्यानें चालू झालेलें एकादें औषध, यांपैकीं कशानेंहि वृद्ध मनुष्य भ्रमिष्टासारखा वागूं लागतो, आणि त्यावर इलाज असतो. दुसरी गोष्ट ही, कीं डॉक्टरांस दाखवावें. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत; मांत्रिकाकडे जाण्यापेक्षां तेथें जाणें हिताचें. मात्र रोगी शांत पडून राहावा म्हणून झोपेचें किंवा मनोविकाराचें औषध आपण होऊन देऊं नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत अशा कांहीं औषधांनीं मृत्यूचा धोका वाढतो अशी सूचना अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००५ सालींच दिली आहे. तेव्हांपासून जगांतील जाणते वैद्य असें सांगत आले आहेत, कीं प्राणावर बेतलेलें नसेल तर आधीं औषधाविण उपाय करून पाहावे. त्या उपायांत संगीताचा क्रम बराच वरचा आहे.

आतां कोणी विचारील, कीं ज्याला आपल्या मुलाचें नांव आठवत नाहीं त्याला गाणें कसें आठवेल? हा प्रश्न अगदीं रास्त आहे. याचें उत्तर असें, कीं स्मृति ही एका पेटींत ठेविलेली वस्तु नव्हे. सकाळीं काय खाल्लें, काल कोण आलें होतें, ही घडलेल्या गोष्टींची स्मृति एका प्रकारची. पोहणें, सायकल चालविणें, भाकरी थापणें ही हातापायांची स्मृति दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारची स्मृति सांठविण्याचें काम मेंदूच्या ज्या भागाकडे आहे तो भाग अल्झायमरच्या दुखण्यांत आरंभींच झिजूं लागतो. दुसऱ्या प्रकारची स्मृति मेंदूच्या निराळ्या भागांत असते आणि ती पुष्कळ काळ टिकते. पाठ असलेलें गाणें या दोन्ही बाजूंस पाय रोवून उभें असतें. त्यांत शब्द आहेत, सूर आहे, ताल आहे, श्वासाचें वळण आहे, हातांची हालचाल आहे, आणि तें ज्या प्रसंगीं म्हटलें त्या प्रसंगाचा आनंद किंवा दुःखहि आहे. एक दोरी तुटली तरी बाकीच्या दोऱ्या त्याला धरून ठेवितात. २०१५ सालीं जर्मनींतील लाइपझिग येथील संशोधकांनीं असें दाखवून दिलें, कीं फार दिवसांच्या परिचयाचें संगीत ऐकतांना मेंदूचे जे भाग जागे होतात ते भाग अल्झायमरच्या रोग्यांत इतर भागांच्या मानानें पुष्कळच शाबूत राहतात.

परंतु हें समजण्यास लाइपझिगला जाण्याची गरज नाहीं. जात्याचेंच उदाहरण घ्या. पहांटे उठून दळण दळणाऱ्या स्त्रीनें ओवी कधीं पाटीवर लिहून पाठ केली नाहीं. खुंट्याला धरलेला हात, पाठीचा झोक, जात्याची घरघर आणि ओवीची लय हीं सर्व एकदमच तिच्या अंगांत भिनलीं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायांपैकीं पुष्कळींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. आणि गिरण्या आल्यानें जातें सुटून कित्येक वर्षें झालीं तरी ओव्या सुटल्या नव्हत्या. अक्षरांवांचून जी स्मृति तयार झाली ती अक्षरें पुसलीं गेल्यानें लगेच पुसली जात नाहीं. ज्या आजीच्या तरुणपणीं घरांत जातें होतें तिच्याजवळ बसून कोणी ओवी म्हणूं लागलें, तर तिचे हात आपोआप फिरूं लागणें यांत चमत्कार कांहीं नाहीं. तें शरीरानें राखून ठेविलेलें धन आहे.

गाण्यानें नक्की काय साधतें हें मात्र नीट तोलून सांगितलें पाहिजे, कारण अतिशयोक्तीनें चांगल्या उपायाचीहि नाचक्की होते. जगांतील निरनिराळे प्रयोग एकत्र करून त्यांची कठोर छाननी करणारी कॉक्रेन या नांवाची एक संस्था आहे. तिच्या २०१८ सालच्या आढाव्यांत स्मृतिभ्रंश आणि संगीत यांविषयींचे २२ प्रयोग व त्यांतील १,०९७ रोगी यांचा विचार झाला. निष्कर्ष असा निघाला, कीं संगीताच्या निदान पांच बैठकी झाल्या असतां रोग्याची खिन्नता बहुधा कमी होते आणि एकंदर वागणुकींतील त्रासहि बहुधा कमी होतो. गेलेली बुद्धि परत येत नाहीं. आणि चिडून अंगावर येणें हें जें विशेष लक्षण, त्याच्यावर सरासरीनें पाहतां फारसा परिणाम दिसला नाहीं. २०२५ सालीं या आढाव्याची नवी आवृत्ति निघाली, तिचाहि सूर सर्वसाधारणपणें हाच आहे.

मग जें चिडणें घरच्यांस सर्वांत जास्त छळतें त्यावर गाण्याचा कांहींच उपयोग नाहीं काय? येथें एक महत्त्वाचा भेद लक्षांत घेतला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं सर्वांना मिळून एकच संगीत ऐकविण्यांत येतें. अमेरिकेंतील लिंडा गर्डनर या परिचारिका-संशोधिकेनें निराळा विचार केला. तिनें ३९ वृद्ध रोग्यांस कांहीं आठवडे शांत, अभिजात, सर्वमान्य असें संगीत ऐकविलें, आणि कांहीं आठवडे ज्याच्या त्याच्या पूर्वायुष्यांतील आवडीचें संगीत ऐकविलें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधांत असें दिसून आलें, कीं अस्वस्थता अधिक कमी झाली ती ज्याच्या त्याच्या आवडीच्या संगीतानें. प्रयोग लहान होता खरा. पण त्यांतील बोध शहाणपणाचा आहे. गुण केवळ संगीताचा नव्हे. गुण ओळखीचा आहे. परक्या वाटणाऱ्या घरांत एक ओळखीचा आवाज आला, एवढेंच त्या जिवाला हवें असतें.

म्हणून ‘वृद्धांना भजन लावावें’ असा सरसकट नियम करणें चुकीचें होईल. आमच्या दोन जिल्ह्यांत सर्वांचें गाणें एक नाहीं. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबाच्या परिसरांत वाढलेल्या शीख आजोबांच्या कानांत पहांटेचें आणि सायंकाळचें कीर्तन असेल. औशाच्या नाथ संस्थानाशीं ज्या घराचा संबंध आहे तेथें चक्रीभजनाचा ठेका पायांत असेल. माहूरच्या वाटेवरील गांवच्या बाईला गोंधळ्यांचें संबळ, लोह्याजवळील माळेगांवच्या यात्रेला नेमानें जाणाऱ्याला वाघ्या-मुरळींचीं गाणीं, किनवटकडील तांड्यावरील बंजारा आजीला होळीची लेंगी, मुसलमान आजोबांना उरुसांतील कव्वाली, ख्रिस्ती घरांतील आजीला ‘उपासना-संगीतां’तील गीतें, आणि बाबासाहेबांच्या चळवळींत उमेद घालविलेल्या गृहस्थाला वामनदादा कर्डकांचीं भीमगीतें जवळचीं वाटतील. आणि असेहि पुष्कळ आजोबा आहेत कीं ज्यांनीं जन्मांत कधीं टाळ हातीं धरिला नाहीं, पण ज्यांची सारी तरुणाई सिनेमाच्या गाण्यांवर गेली. त्यांना हरिपाठ ऐकवून काय होणार?

गाणें निवडण्याची एक सोपी युक्ति आहे. मनुष्याच्या सुमारें दहाव्या वर्षापासून पंचविसाव्या-तिसाव्या वर्षापर्यंतच्या काळांतील आठवणी पुढें सर्वांत अधिक टिकतात असें मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. तेव्हां गणित मांडावें. १९४२ सालीं जन्मलेल्या आजोबांचा हा काळ १९५२ पासून १९७० च्या आसपासपर्यंत येतो. त्या काळांत पुणें आकाशवाणीनें १९५५ सालच्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्यास माडगूळकर-फडके यांचें ‘गीतरामायण’ ऐकविलें. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ गाजूं लागली. १९५७ सालीं ‘विविध भारती’ सुरू झाली. घरीं रेडिओ नसेल तर चावडीवरचा, हॉटेलांतला, लग्नाच्या मांडवांतला भोंगा तरी त्यांनीं ऐकलाच असेल. आईच्या तोंडचें गाणें, शाळेंतील प्रार्थना, लग्नांतील मंगलाष्टकें, शेतांतील मोटेवरचीं गाणीं यांचाहि शोध घ्यावा.

भाषेचाहि विचार करावा. मागाहून शिकलेली भाषा आधीं सुटूं लागते आणि बालपणींची भाषा उशीरापर्यंत साथ देते असा अनुभव पुष्कळ ठिकाणचा आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगु बोलणारीं घरें आहेत, उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारीं आहेत. आपला मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. नव्वदीच्या पुढील कांहीं वृद्धांचें शिक्षण उर्दूंतून झालेलें आहे. अशा आजोबांनीं मराठींत उत्तर देणें सोडिलें, तरी एकाद्या उर्दू गझलेला किंवा आईच्या कन्नड गाण्याला ते मान डोलावतील.

गाणें कोणतें, याच्या खालोखाल महत्त्वाचें आहे तें केव्हां. या रोगांत पुष्कळांची अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढूं लागते आणि दिवेलागणीला कळसास पोंचते. दिवसभराचा थीण, अंधुक होणारा उजेड, लांबलेल्या सावल्या आणि मेंदूंतील घड्याळाचा बिघाड, हीं सर्व मिळून त्या वेळेला भय उत्पन्न होतें. गाणें लावावें तें हा वादळाचा क्षण आल्यावर नव्हे. त्याच्या अर्धा तास आधीं. रागाच्या भरांत असलेल्या मनुष्यापुढें गाणें लाविलें तर तो आणखी एक गोंगाट होतो. येथें आमच्या मनांत एक विचार आल्यावांचून राहत नाहीं. आमच्या गांवांत दिवेलागणीला काय चाले? देवळांत हरिपाठ, घरांत देवापुढें दिवा लावून शुभंकरोति, गुरुद्वाऱ्यांत सायंकाळचा पाठ व कीर्तन, प्रार्थनामंदिरांत सायंप्रार्थना. सांजवेळ ही जिवाला कातर करणारी वेळ आहे हें आपल्या पूर्वजांनीं रोग्यांकरितां नव्हे, सर्वांकरितांच ओळखिलें होतें, आणि ती एकट्यानें काढूं नये म्हणून चार माणसांनीं एकत्र बसून म्हणण्याची चाल पाडिली होती. आतां त्या वेळेला घरोघर दूरदर्शन-संचावरील भांडणांच्या मालिका चालू असतात, आणि कोपऱ्यांतील आजीला त्या भांडणांतील माणसें खरोखरीच घरांत शिरलीं आहेत असें वाटूं शकतें.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. खोलींतील बाकीचे आवाज बंद करावे. पंखा, कुकरची शिट्टी आणि गाणें असा त्रिवेणी संगम नको. दिवा आधींच लावावा, म्हणजे सावल्या राहत नाहींत. कानाचें यंत्र असेल तर तें लावलेलें आहे कीं नाहीं हें पाहावें. गाणें मोबाइलवर लाविलें तर आवाज बेताचा ठेवावा, आणि मध्येंच जाहिराती ओरडणार नाहींत अशी तजवीज करावी. अर्धा तास पुरे. दिवसभर गाणें चालू ठेविलें तर त्याचा भोंगा होतो. आपण जवळ बसावें, हातावर हात ठेवावा, टाळी द्यावी, आणि सूर येवो न येवो, बरोबर म्हणावें. यंत्रापेक्षां नातवाचा बेसूर आवाजहि अधिक मोलाचा असतो, कारण त्याच्या बरोबर नातू येतो. “हें गाणें कोणाचें? सांग पाहूं!” अशी परीक्षा मात्र कधींहि घेऊं नये. उत्तर आलें नाहीं कीं तिला पुन्हा आपल्या उणेपणाची जाणीव होते. “आजी, तूं म्हण ना, मला येत नाहीं” असें म्हणावें. मग ती विद्यार्थी नसून गुरु होते. आंघोळ, वेणीफणी, जेवण या ज्या वेळीं झटापट होते त्या वेळीं एकच ठराविक गाणें रोज म्हणावें. कांहीं दिवसांनीं त्या गाण्यावरून पुढें काय होणार हें तिच्या अंगाला कळूं लागतें, आणि न कळल्यानें येणारें भय ओसरतें.

चेहऱ्याकडे लक्ष ठेवणें हें सर्वांत मोठें पथ्य होय. भुवया आंवळल्या, हात झाडले, श्वास वाढला, तर गाणें तत्काळ थांबवावें. डोळ्यांत पाणी आलें म्हणजे वाईटच झालें असें नाहीं. कांहीं अश्रु सुटकेचे असतात. पण गाण्यानें जखमहि उघडते. आमच्याच प्रांतांतील एक गोष्ट सांगतों. १९९३ सालच्या गणपतींचें विसर्जन करून किल्लारी आणि आसपासच्या गांवचीं माणसें झोंपीं गेलीं होतीं, आणि ३० सप्टेंबरच्या पहांटे चारच्या सुमारास भूकंप झाला; हजारों माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं. ज्या लेझिमीच्या आणि ढोलाच्या आवाजानें नांदेडच्या एकाद्या आजोबांचा चेहरा फुलेल, तोच आवाज त्या रात्रींतून वांचलेल्या आजोबांच्या मनांत काय जागवील हें कोण सांगणार? काळवेळेचें भान सुटलेल्या मनाला तीस वर्षांपूर्वींची रात्र कालची वाटूं शकते. म्हणून ज्याला गाणें ऐकवावयाचें त्याचें आयुष्य आधीं माहीत करून घेतलें पाहिजे. गाण्याची निवड म्हणजे एका परीनें त्या मनुष्याचें चरित्र वाचणें होय.

ऐकण्यापेक्षां गाणें अधिक चांगलें, आणि एकट्यानें गाण्यापेक्षां चौघांत गाणें अधिक चांगलें. ऑस्ट्रेलियांतील २० वृद्धनिवासांत स्मृतिभ्रंश व खिन्नता दोन्ही असलेल्या ३१८ वृद्धांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें, कीं सर्वांनीं मिळून समूहगान केलें असतां वृद्धांची खिन्नता लक्षांत येण्याजोगी कमी होते. तेथें समूहगानाकरितां मुद्दाम मंडळ्या बनवाव्या लागल्या. आमच्याकडे गल्लोगल्लीं भजनी मंडळें आहेत. परंतु खेदानें लिहावें लागतें, कीं जिला गाण्याची सर्वांत अधिक गरज, तिलाच आपण मंडळांतून प्रथम उठवितों. “आतां तिला कळत नाहीं, मध्येंच कांहीं तरी बोलते, लोक काय म्हणतील?” म्हणून तिला घरीं ठेवितों. तिला कळत नसेल. पण धृपद आलें कीं तिचे ओठ हालतात, टाळ हातीं दिला तर तो चुकत नाहीं. मंडळानें एक सतरंजी थोडी पसरट घातली आणि तिच्या शेजारीं एक समजूतदार बाई बसविली, कीं काम झालें. लाज वाटावयाचीच असेल तर रोगाची वाटूं नये. रोग्याला लपवून ठेवण्याची वाटावी.

या उपायाची मर्यादाहि स्पष्ट सांगतों. गाण्यानें रोग बरा होत नाहीं. तो पुढें पुढें सरकतच राहतो. आज लागू पडलेलें गाणें उद्यां लागू पडेलच असें नाहीं. गाण्यामुळें आलेली शांतता कधीं तासभर टिकते, कधीं पांच मिनिटें. पण ज्या घरांत आई किंवा सून सकाळपासून एकटी झुंजत आहे तेथें पांच मिनिटांची शांतता हीहि लहान गोष्ट नव्हे. सेवा करणाराहि माणूसच असतो. त्याचा धीर खचला तर रोग्याचा आधार जातो. अशा कुटुंबांस सल्ल्याकरितां भारत सरकारची वृद्धांसाठींची दूरध्वनि-सेवा १४५६७ या क्रमांकावर, आणि मानसिक त्रासाविषयींची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मदत मागणें हा दुबळेपणा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, या सगळ्यांत तुम्हांस करण्यासारखें काय आहे? आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें काम तुमचेंच आहे. या सुटींत एक वही घ्या. तिच्यावर आजीचें किंवा आजोबांचें नांव घाला, आणि त्यांची स्मृति शाबूत आहे तोंवर त्यांच्याजवळ बसून विचारा: लहानपणीं आई कोणतें गाणें म्हणे? शाळेंत प्रार्थना कोणती होती? लग्नांत बँडवाल्यांनीं काय वाजविलें? पहिला सिनेमा कोणता पाहिला? कोणतें गाणें ऐकूं आलें कीं उठून जावेंसें वाटतें, आणि कां? शब्द, चाल, आठवण, सर्व लिहून ठेवा. जमल्यास त्यांचा आवाजहि टिपून ठेवा. ईश्वर करो आणि या वहीची औषध म्हणून कधीं गरज न पडो. तरीहि घरच्या एका माणसाची ओळख तिच्यांत राहील. आणि ज्यांच्या घरीं हें दुखणें आलेलेंच आहे त्यांनीं वाट पाहूं नये. मामा, मावशी, गांवचे जुने शेजारी यांस विचारून आजच यादी करावी.

आपण तान्हे होतों, आपल्याला शब्द कळत नव्हते, सांजवेळीं आपण कारणावांचून रडत होतों, तेव्हां याच आजीनें मांडीवर घेऊन आपल्यासाठीं गाणें म्हटलें. तिनें आपल्याला वेडें म्हटलें नाहीं आणि खोलींत कोंडलेंहि नाहीं. आतां तिचे शब्द गेले आहेत. दिवेलागण होत आली आहे, ती दाराकडे पाहत आहे. तिच्याजवळ जाऊन बसावें, आणि तिनेंच शिकविलेलें गाणें आपण सुरू करावें.